एसटी संप २०२१-२२: संघटनांनी उपोषण सोडलं, मग आगारं बंद का राहिली?

२८ ऑक्टोबर २०२१ रोजी एसटीतल्या कामगार संघटनांच्या संयुक्त कृती समितीने आदल्या दिवशी सुरू केलेलं उपोषण मागे घेतलं. महागाई भत्ता राज्य कर्मचाऱ्यांइतका, म्हणजे २८ टक्के, मान्य झाला होता. घरभाडे भत्ता ८, १६ आणि २४ टक्के ठरला होता. दिवाळी आठवड्यावर आली होती. नुसते आकडे पाहिले तर दोन दिवसांत एवढं पदरात पडणं वाईट नव्हतं. तरीही पुढच्या दहा-बारा दिवसांत राज्यातली सगळी २५० आगारं बंद पडली आणि एसटी पुन्हा रुळावर यायला एप्रिल २०२२ उजाडला.

मी हे प्रकरण कामगारांच्या बाजूने मांडतो आहे. एसटीच्या कामगारांची मागणी रास्त होती, त्यांचे हाल खरे होते आणि संघटना असणं त्यांच्यासाठी गरजेचंच होतं, हे मी गृहीत धरून चाललो आहे. म्हणूनच संघटना या कामगारांना नेमकी कुठे उपयोगी पडली आणि कुठे हातातून निसटली, ते टप्प्याटप्प्याने पाहायला हवं. एसटी संपातल्या व्यक्तींची नावं वगळली आहेत. तारखा, पदं आणि आकडे जाहीर नोंदीतले आहेत.

पार्श्वभूमी

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली. पुढे १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली तिचं स्वतंत्र महामंडळ झालं. हा 'स्वतंत्र' शब्द संपूर्ण प्रकरणाच्या मुळाशी आहे. चालक-वाहक सरकारी कर्मचारी नाहीत, त्यामुळे वेतन आयोग लागू नाही. पण तिकिटाचे दर सरकारच्या संमतीशिवाय वाढत नाहीत, तोट्यातला मार्ग आमदार-सरपंचांच्या रोषामुळे बंद करता येत नाही, वेगवेगळ्या घटकांच्या सवलती सरकार जाहीर करतं आणि त्यांची भरपाई उशिरा येते. वर प्रत्येक तिकिटामागे साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारजमा होतो. महामंडळाचा संचित तोटा बारा हजार कोटींच्या वर गेल्याचं २०२१ मध्ये सरकारच सांगत होतं. हा तोटा चालकाने गाडी नीट न चालवल्यामुळे झालेला नव्हता. पण पगाराची बोलणी सुरू झाली की टेबलावर पहिल्यांदा तोच ठेवला जायचा.

एसटीतला पगार कराराने ठरतो. साधारण चार वर्षांनी मान्यताप्राप्त संघटना आणि प्रशासन यांच्यात वेतन करार व्हायचा. त्या पद्धतीत दोन गोष्टी बिघडल्या.

एक, काही वर्षांपूर्वीच्या करारात नव्याने लागणाऱ्यांसाठी 'कनिष्ठ वेतनश्रेणी' आली. तेच स्टेअरिंग, तीच तिकिटाची पेटी, तोच मुक्काम, पण सुरुवातीची काही वर्षं पगार कमी. तोट्याच्या काळात जुन्या लोकांचं वेतन आणि नोकऱ्या टिकवण्यासाठी केलेली ती तडजोड होती. पण ज्यांच्यावर तिचा भार पडला ते तरुण तेव्हा संघटनेच्या कार्यकारिणीत नव्हते. पुढे त्यांनी आपली वेगळी संघटना काढली, आणि २०२१ च्या संपाची नोटीस देण्यात तीच पुढे होती. कपात कुणाच्या वाट्याला घालायची हे ठरवताना गैरहजर असलेली पिढी पुढे हिशोब मागते, हे एसटीत दिसलं.

दोन, २०१६ ते २०२० या काळाचा करार सहीनिशी झालाच नाही. सातव्या वेतन आयोगाच्या मागणीसाठी ऑक्टोबर २०१७ मध्ये ऐन दिवाळीत चार दिवसांचा संप झाला. उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला आणि लोक कामावर आले. २०१८ मध्ये सरकारने ४,८४९ कोटींची वेतनवाढ एकतर्फी जाहीर केली. पैसे मिळाले, पण बोलणी करून सही करायची संघटनेची जागा रिकामीच राहिली. पगारवाढ मंत्र्याच्या घोषणेतून येते, संघटनेच्या करारातून नाही, असा धडा तेव्हा हजारो लोकांनी नकळत घेतला. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महागात पडलेला क्षण २०२१ मधला नाही, हा आहे.

त्या करारकाळाची मुदत ३१ मार्च २०२० ला संपली, तेव्हा टाळेबंदी लागून आठवडा झाला होता. रोजची ६५ लाखांच्या आसपासची प्रवासीसंख्या जवळजवळ शून्यावर आली. पगार महिनोन्महिने थकले. २०१९ च्या भरतीतून नुकतेच आलेल्यांच्या नेमणुका आणि प्रशिक्षण तात्पुरतं थांबवण्याचा आदेश निघाला. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना पुढे आली. नोव्हेंबर २०२० मध्ये थकलेल्या पगाराच्या ताणात आत्महत्या झाल्या, मग सरकारने एक हजार कोटींचं साहाय्य जाहीर केलं. या काळात संघटनांनी काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. भरती थांबवण्याच्या आदेशाला त्यांनी विरोध केला, थकीत पगारासाठी औद्योगिक न्यायालयापर्यंत धाव घेतली. पण या सगळ्या लढाया निवेदनं आणि तारखांच्या होत्या. आगाराच्या विश्रांतिगृहात पडलेल्या वाहकाला त्या दिसत नव्हत्या. त्याला फक्त खात्यात न आलेला पगार दिसत होता.

प्रश्न नेमका काय होता

दहा वर्षांपेक्षा कमी नोकरी झालेल्या वाहकाची २०२१ ची पगारपावती समोर ठेवू. मूळ वेतन १२,०८०. त्यावर नवा २८ टक्के महागाई भत्ता आणि १६ टक्के घरभाडं धरलं तर एकूण १७,३९५. हे महागाई भत्ता मान्य झाल्यानंतरचे आकडे, आधीचे याहून कमी. त्यातून भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर आणि एसटी बँकेचा, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सहकारी बँकेचा, कर्जाचा हप्ता जाणार. पतसंस्था किंवा बँकेचं कर्ज नसलेला कर्मचारी एसटीत शोधावा लागतो. घरी नेण्यासारखं बारा हजारही उरत नव्हतं, अनेकांचं त्याहून कमी.

त्यातही हा पगार किती तारखेला येईल याची खात्री नव्हती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि संपात त्या एकच झाल्या. पगार कमी आहे हा वेतन कराराचा प्रश्न. पगार वेळेवर येत नाही हा मालकाची पत उरली नसल्याचा प्रश्न. दुसऱ्या प्रश्नावर भत्त्याची टक्केवारी वाढवणं हे उत्तरच नव्हतं. २८ टक्के महागाई भत्ता मान्य झाला, पण तो वेळेवर मिळेल याची हमी कोण देणार? म्हणून लोकांनी सरळ सरकारकडे बोट दाखवलं: आम्हाला राज्य सरकारात घ्या, म्हणजे तिजोरी एकच होईल. विलीनीकरणाची मागणी अशी पिकली. ती कुणा एका पुढाऱ्याने डोक्यात घातली असं म्हणणाऱ्यांनी ही पावती पाहायला हवी होती.

२८ ऑक्टोबर: समोरचे पर्याय

कृती समितीपुढे त्या दिवशी साधारण तीन वाटा होत्या.

पहिली, जे मिळतंय ते घ्या, उपोषण सोडा, वार्षिक वेतनवाढीचा दर दोनवरून तीन टक्के करणं आणि विलीनीकरण हे विषय दिवाळीनंतर. समितीने हीच निवडली. तिच्या बाजूची कारणं भक्कम होती. २०१७ मध्ये दिवाळीतल्या संपाने प्रवाशांचा रोष ओढवून घेतला होता आणि न्यायालयाने तो मोडला होता. दोनच दिवस आधी, २६ ऑक्टोबरपासून, तिकीटदर १७.१७ टक्क्यांनी वाढलेले. महामंडळाला वर्षातला सगळ्यात मोठा हंगाम हवा होता, म्हणजे संघटनेच्या हातात दबाव होता आणि तो वापरून तिने काही मिळवलंही.

दुसरी, प्रस्ताव स्वीकारण्याआधी तो आगारांत न्यावा. एक दिवस, फार तर दोन. फाटकसभा घ्याव्यात, हात वर करून का होईना मत घ्यावं आणि मग उत्तर द्यावं.

तिसरी, विलीनीकरणाशिवाय काहीच नाही, म्हणून थेट संप.

दुसरी वाट का घेतली नाही, हा माझा या प्रकरणातला मुख्य प्रश्न आहे. महाराष्ट्रात तेव्हा १९७१ चा, कामगार संघटनांना मान्यता देणारा आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा लागू होता. सलग सहा महिने किमान ३० टक्के सदस्यत्व दाखवणाऱ्या संघटनेला मान्यता मिळायची, आणि बोलणी करण्याचा हक्क तिचा. संप करायचा तर १४ दिवसांची नोटीस लागायची आणि मान्यताप्राप्त संघटनेने आधी आपल्या सदस्यांच्या बहुमताचा कौल घेतलेला असावा लागायचा, नाहीतर संप बेकायदा. म्हणजे संपावर जाण्यासाठी कायदा मत मागत होता. संप किंवा उपोषण थांबवण्यासाठी मात्र कायदा काहीच विचारत नव्हता. ते सगळं पुढाऱ्यांच्या शब्दावर. ज्या संघटनेचा शब्द आगारात चालतो तिला याची अडचण येत नाही. इथे तो चालत नव्हता, आणि ते मुंबईतल्या बैठकीत बसलेल्यांना कळायला उशीर झाला.

फाटकाबाहेर

काही आगारं २८ तारखेनंतर सुरूच झाली नाहीत. व्हॉट्सॲपवर एका आगाराचा फोटो दुसऱ्या आगारात जायचा, तिथे संध्याकाळची मुक्कामी गाडी लागायची नाही, तो फोटो तिसरीकडे. हे कुठल्याही संघटनेच्या मध्यवर्ती कार्यालयातून चाललेलं नव्हतं. फाटकाबाहेर मांडव पडले. मांडवात वेगवेगळ्या संघटनांचे सदस्य शेजारी-शेजारी बसले होते आणि संघटनांचे फलक बहुतेक ठिकाणी उतरवलेले होते. हे आंदोलन आम्हा कामगारांचं, कुठल्या संघटनेचं नाही, अशी भाषा सुरू झाली. आंदोलक त्याला संप न म्हणता 'दुखवटा' म्हणत होते: आत्महत्या केलेल्या सहकाऱ्यांसाठीचा. आंदोलक आत्महत्यांचा आकडा तीसच्या पुढे सांगत होते. दुखवटा म्हणण्यात खरं दुःख होतं आणि संपाचा कायदा चुकवण्याचा वकिली डावही होता. दोन्ही एकत्र असू शकतात.

४ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झालं आणि आठवडाभरात सगळी आगारं बंद झाली. ८ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार मुख्य सचिव, वित्त आणि परिवहन विभागांचे वरिष्ठ सचिव यांची त्रिसदस्यीय समिती विलीनीकरणाचा विचार करण्यासाठी नेमली गेली, बारा आठवड्यांची मुदत देऊन. समिती नेमली म्हणजे लोक परततील अशी प्रशासनाची अपेक्षा होती. लोक म्हणाले, समितीचा निकाल येईपर्यंत बसतो.

मग निलंबनाचे आदेश निघायला लागले. रोजंदारीवरच्यांना सेवासमाप्ती, कायम असलेल्यांना निलंबन, पुढे बडतर्फी. हजारोंच्या संख्येने. संघटनेचं जे रोजचं काम असतं त्याची खरी गरज इथे होती. आरोपपत्राला वेळेत उत्तर कसं द्यायचं, चौकशीत बचाव प्रतिनिधी म्हणून कोण उभं राहणार, कोणता आदेश औद्योगिक न्यायालयात टिकणार नाही, बदलीच्या आदेशावर काय लिहून द्यायचं. ही कामं वर्षानुवर्षं आगार शाखेच्या सचिवाने केलेली असतात. मालेगावच्या किंवा उदगीरच्या आगारातला चालक आरोपपत्र हातात घेऊन थेट मुंबईच्या वकिलाकडे जाऊ शकत नाही. पण ज्यांना हे काम येत होतं ते पदाधिकारी मांडवातून हाकलले गेले होते किंवा स्वतःच लांब उभे होते. आणि मांडवात जो शब्द चालत होता तो मुंबईत आझाद मैदानावर चाललेल्या आंदोलनातल्या भाषणाचा होता. मोठ्या मागणीला आवाज मिळाला, पण एकेका माणसाच्या नोकरीचा बचाव उघड्यावर पडला. या प्रकरणाचं एवढंच चित्र लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवावं.

विलीनीकरण मिळण्यासारखं होतं का

आंदोलक आंध्र प्रदेशचं उदाहरण देत होते आणि ते चुकीचं नव्हतं. तिथे राज्य परिवहन महामंडळाचे कर्मचारी १ जानेवारी २०२० पासून सरकारच्या नव्या विभागात सामावले गेले. पण तिथे ते सत्तेवर आलेल्या पक्षाचं निवडणुकीतलं आश्वासन होतं. शेजारच्या तेलंगणात २०१९ मध्ये हीच मागणी घेऊन ५२ दिवस संप झाला, सरकारने दाद दिली नाही, आणि कामगार विनाअट परतले. मागणी तिथे सुटली ती चार वर्षांनी, निवडणुकीच्या तोंडावर, कायद्याने. दोन्हीकडे विलीनीकरण राजकीय निर्णयाने आलं. आगारं बंद ठेवण्याच्या ताकदीने ते कुठेच आलं नाही.

हे संघटनांच्या जाणत्या लोकांना माहीत होतं आणि ते त्यांनी दबक्या आवाजात सांगितलंही. मोठ्याने सांगायची सोय उरली नव्हती. ज्याने २८ तारखेला उपोषण सोडलं त्याने आता 'विलीनीकरण होणार नाही' म्हटलं की तो फितूर ठरायचा. नेमकं खरं बोलण्यासाठी लागणारा विश्वास आधीच खर्च झाला होता.

२४ नोव्हेंबरचा प्रस्ताव

संप सुरू असतानाच सरकारने मोठी वाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांच्या मूळ वेतनात ५,०००, दहा ते वीस वर्षांवाल्यांना ४,०००, वीस वर्षांच्या वर २,५००. दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत पगार देण्याची हमी सरकारने घेतली. वरच्या वाहकाची पावती पुन्हा पाहू: मूळ वेतन १७,०८०, एकूण २४,५९५. म्हणजे ७,२०० रुपयांची, ४१ टक्क्यांची वाढ. दहा ते वीस वर्षांच्या टप्प्यात १६,००० मूळ वेतन असलेल्याचं एकूण २३,०४० वरून २८,८०० झालं. वीस वर्षांवरच्या, २६,००० मूळ वेतन असलेल्या कर्मचाऱ्याचं ३७,४४० वरून ४१,०४०.

एसटीच्या इतिहासात एवढी वाढ कुठल्याही करारात झाली नव्हती असं सरकारने सांगितलं, आणि तरुणांसाठी तरी ते खरं वाटावं असंच होतं. वेळेवर पगाराची हमी ही तर मूळ दुखण्यावरची फुंकर होती. माझ्या मते संप थांबवण्याचा सर्वांत चांगला दिवस हा होता. विलीनीकरणाचा प्रश्न न्यायालय आणि समितीपुढे चालूच राहणार होता, वाढ हातात होती, निलंबनं मागे घ्यायला सरकार तयार होतं, आणि प्रवाशांची सहानुभूती अजून शिल्लक होती.

पण ही वाढ ठरवण्याच्या खोलीत मान्यताप्राप्त संघटना नव्हती. बोलणी झाली ती आंदोलनाच्या अग्रभागी आलेल्या दोन आमदारांशी. त्यांनी दुसऱ्या दिवशी आझाद मैदानातून माघार घेतली. आगारांतल्या बहुतेकांनी नाही. दर्जेदार वेतन करार करणारी माणसं खोलीत नसली की काय होतं ते आकड्यांत दिसतं. तीन टप्प्यांची वाढ ज्येष्ठांना टोचली. नऊ वर्षं अकरा महिने झालेल्याला पाच हजार आणि दहा वर्षं एक महिना झालेल्याला चार, ही रचना कुठल्याही शाखा सचिवाने पहिल्या पाच मिनिटांत अडवली असती. वाढ पूर्वलक्षी नव्हती, म्हणजे एप्रिल २०२० पासूनची मधली वर्षं बुडाली. आणि पुन्हा एकदा कागदावर कराराची सही नव्हती. घोषणाच होती.

डिसेंबर ते एप्रिल

यानंतरचे महिने थोडक्यात. २० डिसेंबरला संपाची नोटीस देणाऱ्या कनिष्ठ वेतनश्रेणीच्या संघटनेच्या अध्यक्षांनीच संप मागे घेतल्याचं जाहीर केलं. मैदानातल्या आंदोलकांनी त्यांनाच नाकारलं आणि नेतृत्व त्यांच्या वकिलाकडे गेलं. जानेवारीत कृती समितीतल्या संघटनांनी कामावर परतण्याचं आवाहन केलं, फारसा प्रतिसाद आला नाही. ऑक्टोबरची कृती समिती, नोव्हेंबरचे आमदार, डिसेंबरची संघटना, जानेवारीत पुन्हा समिती: चार वेळा कुणीतरी 'संप थांबवा' म्हणालं आणि चारही वेळा बहुतेक आगारं बंदच राहिली. संप सुरू ठेवण्याचा अधिकार प्रत्येकाकडे होता, संपवण्याचा कुणाकडेच नव्हता.

दरम्यान पगार शून्य, एसटी बँकेचे हप्ते थकलेले, आगारांत निवृत्त चालक आणि कंत्राटी चालक बसवून गाड्या हळूहळू सुटायला लागलेल्या. गावाकडची बाजूही सांगायला हवी. पाचवी ते बारावीच्या मुली अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासवर एसटीने शाळेत जातात. गावात दुसरं वाहन नाही किंवा आहे ते वडापचं (खासगी शेअर गाडी), आणि वडापला रोजचे पैसे लागतात. मार्च २०२२ मध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या तेव्हा त्या मुलींचे आईबाप संपाकडे कसं पाहत होते, हे मांडवात कुणी विचारत नव्हतं. सार्वजनिक सेवेतल्या संपाला प्रवासी हा तिसरा पक्ष असतो. त्याच्याशी बोलायला एक माणूस नेमलेला नसेल तर तो आपोआप मालकाच्या बाजूला सरकतो.

त्रिसदस्यीय समितीचा अहवाल मार्चच्या सुरुवातीला विधिमंडळात आला: विलीनीकरण शक्य नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू व्हा, रुजू होणाऱ्यांवर कारवाई नको, बडतर्फ झालेल्यांना परत घ्या, असा निकाल दिला. दुसऱ्याच दिवशी, ८ एप्रिलला, एका ज्येष्ठ नेत्याच्या मुंबईतल्या घरावर आंदोलकांचा जमाव चालून गेला, चपला आणि दगड फेकले गेले, शंभराहून अधिक कर्मचारी अटकेत गेले. नोकरी परत मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या लोकांवर फौजदारी गुन्हे लागले. जमावाला आवरणारी, आधी पोलिसांशी बोलणारी, मोर्चाचा रस्ता ठरवणारी अनुभवी माणसं तिथे असती तर ही वेळ टळली असती असं मला ठामपणे वाटतं.

निष्पत्ती

नोकऱ्या वाचल्या, आणि त्या न्यायालयाच्या निकालाने वाचल्या. २४ नोव्हेंबरची वाढ टिकली. विलीनीकरण झालं नाही. साडेपाच महिन्यांचा पगार गेला. जुन्या संघटनांना त्याची किंमत जून २०२३ मध्ये मोजावी लागली: एसटी बँकेच्या निवडणुकीत वर्षानुवर्षं बँक हाताळणाऱ्या संघटना पडल्या आणि संपाचं नेतृत्व केलेल्या वकिलाच्या पॅनेलने १९ पैकी १९ जागा घेतल्या. कामगारांना मत द्यायला मिळालं ते थेट तिथे.

सप्टेंबर २०२४ मध्ये मात्र चित्र बदललं. गणेशोत्सवाच्या तोंडावर, ३ सप्टेंबरला, संघटनांची कृती समिती पुन्हा एकत्र येऊन संपावर गेली. मागणी पगाराची होती, विलीनीकरणाची नाही. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांशी बैठक झाली आणि १ एप्रिल २०२० पासून मूळ वेतनात ६,५०० रुपयांची वाढ मान्य झाली. २०२१ मध्ये ज्यांना ५,००० मिळाले होते त्यांना आणखी १,५००, ४,००० वाल्यांना २,५०० आणि २,५०० वाल्यांना ४,०००. तीन टप्प्यांनी पाडलेली भेग अशी बुजवली गेली आणि बुडालेली वर्षंही हिशोबात आली. दोन दिवसांत गाड्या सुरू झाल्या. समितीने 'संप थांबवा' म्हटलं आणि आगारांनी ऐकलं.

वेगळं काय करता आलं असतं

या प्रकरणाशी तुलना करताना १९८२ चा गिरणी संप आठवल्याशिवाय राहत नाही. तिथेही कायद्याने एकमेव प्रतिनिधी असलेली राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही संघटना कामगारांच्या मनातून उतरली होती. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, आणि तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. कायद्याची मान्यता एकाकडे आणि कामगारांचा विश्वास दुसऱ्याकडे गेला की समझोत्याला हातच उरत नाहीत. एसटी वाचली ती सरकारी मालकीमुळे आणि न्यायालयामुळे. गिरणीमालकांना गिरणी चालू ठेवायची नव्हती, सरकारला एसटी चालू ठेवणं भाग होतं.

संघटनेच्या बाजूने मी तीन गोष्टी बदलल्या असत्या. २०१८ ची एकतर्फी घोषणा स्वीकारताना, पैसे घ्या पण सहीसाठी वाद उभा करा, औद्योगिक न्यायालयात मान्यतेचा हक्क मांडा, तो मुद्दा दरवर्षी तापता ठेवा. ते सोडून दिल्यामुळे २०२१ मध्ये सरकारला मान्यताप्राप्त संघटनेला वगळून आमदारांशी ठरवणं सोपं गेलं.

२८ ऑक्टोबरला प्रस्ताव घेऊन आगारांत जायला हवं होतं. २५० आगारांत एका रात्रीत मत घेणं अशक्य होतं असं मला सांगितलं गेलं आहे. पण ज्या व्हॉट्सॲपवरून दहा-बारा दिवसांत संप पसरला त्यावरून मतही घेता आलं असतं, आणि मत विरोधात गेलं असतं तरी समितीला निदान कामगारांच्या पुढे चालता आलं असतं, मागे नाही. वेगळी कनिष्ठ वेतनश्रेणीची संघटना त्या बैठकीत बोलवायला हवी होती. मान्यता नसेल, पण नाराजी तिच्याकडे होती.

तिसरी गोष्ट निलंबनांची. नेतृत्वावरून काहीही वाद असला तरी प्रत्येक आगारात मान्यताप्राप्त संघटनेने मांडवाबाहेर एक टेबल टाकून बसायला हवं होतं: ज्याला आरोपपत्र आलं त्याने यावं, उत्तर आम्ही लिहून देतो, पावती कुठल्याही संघटनेची असो. काही आगारांत जुन्या पदाधिकाऱ्यांनी हे व्यक्तिगत पातळीवर केलंही. ते संघटनेचं धोरण असतं तर जानेवारीतलं परतीचं आवाहन कोरडं पडलं नसतं, कारण ज्याच्या आरोपपत्राचं उत्तर तुम्ही लिहून दिलं तो माणूस तुमचं ऐकायला निदान थांबतो. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्के सदस्य असलेल्या संघटनेला वाटाघाटीचा एकमेव हक्क मिळतो आणि सगळ्याच उद्योगांत संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. तीसवरून एकावन्नवर जायचं असेल तर संघटनांना आगारातल्या त्या टेबलावर आजपासून बसावं लागेल, कुठलाही संप नसताना, रजेच्या अर्जापासून आणि थकलेल्या वैद्यकीय बिलापासून सुरुवात करून.